कॉलरीतलं नाव

"पाच सदरे, पाचय एकाच ताग्यातले. आता कुणाचो खंयचो, तूच सांग," असं म्हणत पद्मावतीने सदऱ्यांची चवड मशीनवर ठेवली आणि ती दुकानाच्या उंबऱ्यावरच उभी राहिली.

चतुर्थी तीन दिवसांवर आली होती. पेडण्याच्या बाजारात गणपतीवर बांधायच्या माटोळीची रानफळं विकायला बसलेल्या बायकांनी रस्ता अर्धा अडवला होता आणि म्हापशाहून येणारी बस हॉर्न वाजवत जागच्या जागी उभी होती. गुरुदासने चष्मा पुसला आणि वरचा सदरा उलगडला. निळा, बारीक चौकडीचा. खालचे चारही तसेच.

चतुर्थीला सगळ्या घराचे सदरे एकाच ताग्यातून शिवायचे, ही इकडची रीत. पाच भाऊ असले की पाच सदरे सारखे दिसणार, म्हणून शिंप्याने कॉलरीच्या आतल्या बाजूला दोऱ्याच्या गाठी मारायच्या. थोरल्याची एक, दुसऱ्याची दोन, असं शेंडेफळापर्यंत. गुरुदास ज्याच्या हाताखाली शिकला त्या म्हाताऱ्या बाबलीने त्याला काज करायच्याही आधी ही गाठ शिकवली होती. सदऱ्याला मालक पाहिजे, म्हणायचा.

"आदी गाठी मारतालास," पद्मावती म्हणाली. "कुवेतात जाऊन इलास म्हणून आता लाज दिसता?"

"विसरलो," गुरुदास म्हणाला.

मागच्या बाजूला खाली बसून बटणं लावणाऱ्या कमलाक्षीने मान वर केली. नवरा विसरला नव्हता, हे तिला माहीत होतं. परत आल्यापासून वर्षभरात त्याने एकाही कपड्यात खूण घातली नव्हती. तिने एकदा विचारलं होतं. तो ऐकू न आल्यासारखा मशीन चालवत राहिला होता.

गुरुदासने टेपसुद्धा घेतला नाही. एकेका सदऱ्याच्या खांद्यांवरून नुसता तळवा फिरवला आणि पाच सदरे पाच ठिकाणी ठेवले. हा थोरल्याचा, हा बागायतीत काम करतो त्याचा, उजवा खांदा उतरलेला. हा शाळामास्तराचा. पद्मावती सदरे उचलून गेली. तिचा राग गेला होता, पण कपड्यावरून माणूस ओळखणाऱ्या त्या हाताची तिला भीती वाटल्यासारखं दिसलं.

त्याच संध्याकाळी चोपड्याचा सगुण आला. सगुण आणि गुरुदास एकाच एजंटाकडून एकाच विमानाने कुवेतला गेले होते, सगुण ड्रायव्हर म्हणून. लढाई संपल्यावर सगुण परत गेला, गुरुदास गेला नाही. आता सगुणची आई वारली म्हणून तो पंधरा दिवसांसाठी आला होता. सुतकातली दाढी वाढलेली. त्याने काखेतली पिशवी मशीनवर ठेवली, आणि चहा येईपर्यंत आईच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलला. चहा संपल्यावर म्हणाला, "अबू जासिमान धाडलां."

पिशवीत पांढरं कापड होतं. जपानी, जड पोताचं, बोटांतून पाण्यासारखं सुटणारं. गुरुदासने ते न मोजताच ओळखलं, अरबांच्या पायघोळ अंगरख्याचं. एका दिशदाशाचं कापड.

सगुणने गुरुदासच्या कुवेतच्या मालकाचा निरोप सांगितला तो असा. मुलगा जासिम अजून परत आलेला नाही. मार्चात इराकने कैदी सोडले त्यांत तो नव्हता. ज्यांचा पत्ता नाही त्यांची यादी केली आहे, तीत त्याचं नाव आहे. त्याच्या आईचं म्हणणं, ईदेला त्याचा नवा कपडा घरात तयार पाहिजे, दर वर्षी असतो तसा. घरातले त्याचे कपडे सैनिकांनी नेले, माप घ्यायलासुद्धा काही उरलं नाही. माप फक्त गुरूच्या वहीत आहे. जमलं तर गुरूनेच शिवून पाठवावं.

"तुझ्या हाताचोच होयो म्हणे तिका," सगुण म्हणाला. मग पिशवी पुढे सरकवत, "आनी कोणाच्या हाताचो मागपाचो?"

गुरुदासने मान हलवली. कापड उचलून त्याने कपाटात ठेवलं. वहीही त्याच कपाटात होती.

ती वही तो अंगावरच्या कपड्यांसोबत घेऊन आला होता. बाकी सगळं तिकडेच राहिलं.

अकरा वर्षं तो कुवेतच्या जुन्या बाजारातल्या एका गल्लीत शिवत होता. दुकान अबू जासिमचं. जासिमचा बाप म्हणून अबू जासिम. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखायची पद्धत आहे. अबू जासिमचा म्हातारा बाप गलबतावरचा तांडेल होता आणि खजूर घेऊन मुंबईला येत असे. त्याच्याकडून अबू जासिम हिंदी शिकला होता. म्हातारा जिवंत होता तेव्हा दुकानासमोर बाकड्यावर बसायचा आणि गुरुदासला शापोऱ्याच्या नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे आहे ते विचारायचा. गुरुदासला माहीत नसे. म्हाताऱ्याला माहीत असे.

तिथे सगळ्यांचे कपडे पांढरे. रमजानात तर कामाला अंत नसे. दिवसभर बाजार निपचित पडलेला, सूर्य मावळताना तोफ झाली की सगळी गल्ली एकदम जागी व्हायची. अबू जासिम खजुराचं ताट पहिल्यांदा कारागिरांपुढे धरायचा. बाप, मुलगे, पुतणे असे घरच्या घर ईदेचे कपडे टाकायला यायचे आणि वेलचीचा चहा पीत बसून राहायचे. एका घराचे बारा दिशदाशे, दोरीवर वाळत घातले की कुणाचा कुठला कळणार नाही. गाठींनी भागेना. मग गुरुदासने नावं भरायला सुरुवात केली. अबू जासिम कागदावर नाव लिहून द्यायचा आणि गुरुदास कॉलरीच्या आत लाल दोऱ्याने ती अक्षरं उजवीकडून डावीकडे भरायचा. त्याला ती वाचता येत नव्हती. हाताला येत होती. गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक होतं. बायका म्हणे सांगत, गोव्याच्या शिंप्याचा कपडा हरवत नाही.

जासिमचं पहिलं माप त्याने घेतलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, टेप लावला की गुदगुल्या होऊन खिदळणारा. वहीत त्याचं पान भरत गेलं. उंची दर ईदेला खोडून वर लिहिलेली. विसाव्या वर्षी तो पोलिसात लागला, तेव्हा उंची थांबली.

मग इराकचं सैन्य कुवेतात शिरलं तो ऑगस्टचा गुरुवार आला. सकाळी रस्त्यावर रणगाडे उभे होते आणि बेकरीपुढे रांग. गुरुदासने यापूर्वी अडवलेला रस्ता एकदाच पाहिला होता. गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनाच्या वर्षी तो सुटीवर आला होता, तेव्हा रस्त्यावर झाडं आडवी पाडली होती आणि गौरवीला खांद्यावर घेऊन तो कोलवाळपासून चालत घरी आला होता. तिथे झाडापाशी उभे असलेले लोक निदान ओळखीचे होते. इथले सैनिक विशीतले, भुकेले, आणि कुणाचंही कार्ड दोनदा बघणारे. पोलिसातली, सैन्यातली माणसं ते घराघरांतून शोधून नेत होते.

तिसऱ्या आठवड्यात अबू जासिम मागच्या दाराने दुकानात आला, बरोबर जासिम. एका गॅरेजमधल्या परक्या कामगाराचं ओळखपत्र मिळालं होतं, फोटो बदलून. उद्या पहाटे पाण्याच्या गाडीतून तो दक्षिणेला सरहद्दीकडे जाणार होता. त्याला कामगार घालतात तसे शर्ट-पँट पाहिजे होते. त्याच्याजवळ एकही नव्हता. बाजार तर बंद.

गुरुदासच्या पेटीत चौकडीचं निळं कापड होतं, चतुर्थीला घरी न्यायचं म्हणून घेतलेलं. चतुर्थी दुसऱ्याच दिवशी होती. त्याने ते काढलं. पँट त्याची स्वतःचीच लांब करून दिली. जासिम टेबलाच्या कडेला बसून वाट बघत होता आणि मध्येच म्हणाला, या कपड्यात मी तुझ्यासारखा दिसेन. गुरुदास हसला. यंत्राचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने अंगावरचा एक आणि बदलायचा एक असे दोन्ही शर्ट हाताने शिवले. शिवताना मनात घर होतं. माटोळी कोण बांधणार, गौरवीला परकर लहान झाला असेल, असलं काहीबाही. संध्याकाळच्या आत शर्ट झाले. जासिमने जाताना त्याचा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास उठला आणि दुकान झाडू लागला. टाचणीच्या उशीवर त्याचं लक्ष गेलं. उशीत एक सुई खोचलेली होती आणि सुईत नावं भरायचा तो लाल दोरा होता.

तीन आठवड्यांत त्याने त्या दोन शर्टांखेरीज काही शिवलं नव्हतं.

तो कातर घेऊन धावत सुटला नाही. धावणाऱ्या माणसाला अडवत होते. कातर सदऱ्याखाली कमरेला खोचून तो चालत गेला, सव्वा मैल, दोन नाकी ओलांडून. दार जासिमच्या आईने उघडलं. पोरगा पहाटे फजरच्या नमाजानंतर निघून गेला, असं तिने खुणेने सांगितलं, आणि उपाशी आला असेल म्हणून त्याच्या हातावर रोटी ठेवली.

चार दिवसांनी अबू जासिम दुकानात आला आणि बापाच्या बाकड्यावर बसला. पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर परत आला होता.

"कार्ड देखा, ठीक बोला, जाओ बोला," अबू जासिम सांगत होता. "फिर एक सिपाही ने उसकी गर्दन पे हाथ डाला. फिर नीचे उतारा. ड्रायव्हर को पता नहीं, क्या देखा." त्याने बाकड्यावरची धूळ तळव्याने पुसली. मग त्याने वर बघितलं. "तुमको क्या लगता है, गुरू?"

गुरुदासच्या हातात तेव्हा झाडू होता, हे त्याला पुढे कायम आठवायचं.

"मालूम नहीं," तो म्हणाला.

अबू जासिमने मान हलवली. खिशातून गुरुदासचा पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. तो मालकाकडेच ठेवायचा नियम होता. तुमच्या सरकारच्या बसगाड्या निघतायत, म्हणाला. तुझी मुलगी लहान आहे, जा.

गुरुदास गेला. मापांची वही पोटाशी बांधली, कारण तीत सगळ्या घरांची नावं आणि पत्ते होते. बसरा, बगदाद, मग वाळवंटातल्या तंबूंत अकरा दिवस, मग विमान. पेडण्याला उतरला तेव्हा कमलाक्षीला तो आधी ओळखू आला नाही. घरात देवाला नारळ फोडला गेला. लोक विचारायला यायचे आणि तो वाळवंटाविषयी सांगायचा, पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या माणसांविषयी सांगायचा. 'मालूम नहीं' हे दोन शब्द त्याने कुणाला सांगितले नाहीत.

चतुर्थी झाल्यावर त्याने दिशदाशा शिवला. गोवा राज्य झालं त्या वर्षी कमलाक्षीसाठी घेतलेली मशीन होती, तिच्यावर. वहीतलं पान उघडून माप लावलं, गळपट्टी दोनदा उसवून पुन्हा केली. कॉलर आतून कोरी ठेवली. सगुण जाताना घेऊन गेला.

जानेवारीत पार्सल परत आलं. तोच दिशदाशा, घडी करून, आणि वर अरबीत लिहिलेला एक कागद.

"डिचोलीक खतीबसाहेब आसात," कमलाक्षी म्हणाली. "मशिदीत पोरांक शिकयतात. तांका वाचूक येतलां."

रविवारी तो गेला. आठवीतली गौरवी हट्टाने बरोबर आली. बाबा बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरतात, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. डिचोलीच्या रस्त्याला खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते. झाडं, घरं, कुत्रीसुद्धा तांबडी. खतीबसाहेब साठीचे, बारीक अंगाचे. त्यांनी गौरवीला बसायला कदेल दिली आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला.

पत्र चार ओळींचं होतं. सलाम. कपडा मिळाला, शिलाई नेहमीसारखी. फक्त नाव राहिलं आहे, तुझ्याकडून असं कधी झालं नव्हतं. त्याची आई म्हणते, गुरूला सांग नाव घालून दे, पोरगा परत आला की आपला कपडा त्याला ओळखता आला पाहिजे.

खतीबसाहेबांनी कागद खाली ठेवला. उत्तर लिहायचं आहे का, विचारलं.

गुरुदास हो म्हणाला आणि सांगू लागला. आधी क्षेमकुशल सांगितलं. मग निळं कापड सांगितलं, चतुर्थी सांगितली, लाल दोरा सांगितला. खतीबसाहेब लिहीत होते. गर्दनीवर हात टाकल्याचं आलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं. गुरुदास थांबला नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, तो म्हणाला. हेही लिहा.

बाहेर ट्रक जात होते. खतीबसाहेबांनी चष्मा काढला.

"नांव बघूनच ताका धरलो, हें तुका नक्की खबर आसा?" त्यांनी विचारलं.

"ना."

"मागीर? दुसरें कितेंय आसूं येता. फोटो आसूं येता, पोलिसाचे केंस आसूं येतात. कित्याक त्या बापायच्या काळजाक आनीक एक चटको?"

गुरुदास आपल्या हातांकडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यान माका विचारलां, साहेब. तो दीड वर्स तेंच विचारता आसतलो. भिंतीक विचारता आसतलो."

खतीबसाहेबांनी पुन्हा चष्मा लावला आणि लिहिलं. सगळं वाचून दाखवलं, आधी अरबीत, मग कोंकणीत. मोबदला घेतला नाही. निघताना गौरवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बापायचो हात धर, रस्त्यार धुल्ल आसा.

बसमध्ये बाप-लेक एका बाकावर बसली. अस्नोड्याचा पूल आला. मग गुरुदासने विचारलं, "आयकलंय तू?"

"हय."

"आवयक हांव सांगतलो. तू सांगू नाका."

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. कमलाक्षी भात वाढत होती. ती वाढत राहिली, ताट भरून वर गेलं तरी. मग डाव खाली ठेवून तिने त्याच्यासमोरचं ताट जरा जवळ सरकवलं आणि "जेव," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने लाल दोऱ्याचं रीळ आणलं. वहीच्या पानावर अबू जासिमच्या हातचं नाव होतं, त्यावर नजर ठेवून त्याने कॉलरीच्या आत उजवीकडून डावीकडे ते भरलं. पूर्वी पाच मिनिटांचं काम होतं. दुपार गेली. दिशदाशा आणि पत्र एकाच पार्सलात घालून त्याने पेडण्याच्या पोस्टात दिलं.

उत्तर आलं नाही.

ईद झाली. पाऊस येऊन गेला. पोस्टमन दुकानापुढून जाताना गुरुदास मशीनचं चाक हाताने धरून ठेवायचा आणि तो पुढे गेला की सोडायचा. चतुर्थीला पद्मावतीच्या घरचे सदरे आले. त्याने न सांगता गाठी मारल्या. तिने कॉलर उलटून पाहिली, गाठी मोजल्या आणि सदरे उचलले. सगुणचं एक पत्र आलं. त्यात अबू जासिमने दुकान उघडलंय, नवा कारागीर ठेवलाय, एवढंच होतं. आमचं बोलणं होत नाही, तो बाकड्यावर बसून असतो, असं शेवटी लिहिलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत, दुपारी, पोस्टमन दुकानात शिरला. पार्सलावर पत्ता इंग्रजीत होता, अबू जासिमचं अक्षर गुरुदासला पाठ होतं. त्याने दोरी कापली नाही, सोडवली. आत पांढरं कापड होतं. त्याने घडी उलगडली, झटकली, कागदाच्या आवरणात हात घालून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. नुसतं एका दिशदाशाचं कापड.

तो बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसला. कमलाक्षीने मागून येऊन पोत बोटाने चाचपलं आणि दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं, गिऱ्हाईक येऊ नये म्हणून.

संध्याकाळी गौरवी शाळेतून आली तेव्हा कापड टेबलावर पसरलं होतं आणि गुरुदास खडूने आखत होता. वही शेजारी उघडी होती. तिने वहीकडे पाहिलं, मग खडूच्या रेघेकडे.

"बाबा, खांदो चुकला. वहीत साडेअठरा आसा."

"अडीच वर्सां जाली," गुरुदास म्हणाला. "त्या वयार खांदे भरतात." त्याने दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच वाढवला, वही ओढून जुना आकडा खोडला आणि वर नवा लिहिला. मग खणातून लाल रीळ आणि सुई काढून तिच्यापुढे धरली.

"ओवून दी गो. माका आता दिसना."

गौरवीने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई दाराकडच्या उजेडात धरली.